'जाते' नाही, 'येते' म्हण

प्रिय मनू,

परवा शुक्रवारी बूट चढवता चढवता तू "आई, जाते गं" म्हणालीस आणि मी सवयीनं म्हटलं, "जाते नाही, येते म्हण." तू वैतागलीस. "हे असं का? आणि साडेदहाच्या आत घरी, हेही मराठीच आहे का? माझ्या मैत्रिणींकडे सगळं बसून ठरवतात, आपल्याकडे नुसतं सांगतात." गाडी चुकेल म्हणून तू पळालीस आणि उत्तर राहिलं. ते आता लिहिते आहे. सावकाश वाच, कुठे अडलं तर विचार.

आपल्याकडे 'गेला' म्हणजे कायमचा गेला. म्हणून उंबऱ्यावर 'जाते' हा शब्द कुणी काढत नाही. दोन तासांसाठी बाहेर पडणारं माणूसही 'येते' म्हणतं, आणि घरातलं माणूस 'ये हं' म्हणतं. सांगलीला आजी आजही फाटकापर्यंत येऊन तेवढं म्हणते आणि मगच आत वळते.

आता वेळेचं. माझ्या लहानपणी नियम होता, दिवेलागणीच्या आत घरात. आजी तुळशीपाशी दिवा लावायची, आम्ही हातपाय धुऊन 'शुभंकरोति' म्हणायचो. तिथे सूर्य वर्षभर साधारण सहा ते सव्वासातच्या दरम्यान मावळतो, रस्त्यावर दिवे कमी, विंचूकाट्याचं भय. लहान मुलांसाठी तो नियम अगदी बरोबर होता. पण तेराव्या-चौदाव्या वर्षी तो मामासाठी सुटला आणि माझ्यासाठी घट्ट झाला.

दहावीत असताना एकदा क्लास लांबला. वीज गेलेली. मी आठला पोचले तर आबा फाटकाशी बॅटरी घेऊन उभे. ते एक शब्द बोलले नाहीत, आजी मात्र म्हणाली, "लोक काय म्हणतील?" त्याच रात्री मामा दहाला आला. ओट्यावर त्याचं ताट झाकून ठेवलेलं होतं, वर उपडी परात, पोळ्या फडक्यात गुंडाळलेल्या. कुठे होतास, हेसुद्धा त्याला कुणी विचारलं नाही. ते ताट मी विसरलेले नाही. आजीवर माझा राग नाही, तिला तिच्या आईनं हेच दिलं होतं. पण तुला आणि दादूला वेगळे नियम लावायचे नाहीत, हे मी तू जन्मायच्या आधीच ठरवलं होतं. तो आत्ता बारा वर्षांचा आहे. तुझ्या वयाचा झाला की त्यालाही साडेदहाच.

म्युनिकला आल्यावर दिवेलागण कुचकामी झाली. इथे जूनमध्ये सूर्य सव्वानऊला मावळतो आणि डिसेंबरात साडेचारच्याही आधी. मग मला बसून विचार करावा लागला, की त्या नियमातलं खरं काय होतं. आबांची बॅटरी खरी होती. 'लोक काय म्हणतील' हे सोडून द्यायचं होतं. मागच्या महिन्यात तुला तीनदा फोन करून वर तुझ्या मैत्रिणीच्या आईलाही विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून आजीच बोलत होती. ते माझं चुकलं.

नोव्हेंबरात तू सोळाची होशील. इथल्या कायद्यानं सोळा झाल्यावर एकटीला रात्री बारापर्यंत क्लबमध्ये थांबता येतं, हे तू मला दोनदा ऐकवलं आहेस. पण तो कायदा कुणाला आत घ्यायचं हे क्लबवाल्याला सांगतो. घरी कधी यायचं, हे आपणच ठरवायचं. आपल्याकडे म्हणतात, बापाची चप्पल मुलाच्या पायात बसायला लागली की त्याला मित्रासारखं वागवावं. म्हण मुलाबद्दल आहे, मी ती तुला लावते, कारण माझे काळे बूट गेल्या हिवाळ्यापासून तूच घालते आहेस.

तर वेळ आपण दोघी बसून ठरवू. शाळेच्या आदल्या रात्री नऊ, ते मी सोडणार नाही, तुला सकाळी उठवताना काय होतं ते मी रोज बघते. शुक्रवार-शनिवारचं बोलू, साडेअकराही होऊ शकतात. कुठे, कुणाबरोबर आणि परत कशी येणार, या तीन गोष्टी निघायच्या आधी सांगायच्या. बेत बदलला तर एक मेसेज. फोनवरून तू कुठे आहेस ते बघणं मी कालपासून बंद केलं आहे. आणि कधीही, कुठूनही, कुठल्याही अवस्थेत फोन केलास तर मी किंवा बाबा घ्यायला येऊ. त्या रात्री एकही प्रश्न विचारणार नाही, बोलायचं ते सकाळी.

या शुक्रवारी वाढदिवसाला जाणार आहेस ना? तिथे पिझ्झा आहे म्हणालीस, तरी वरणभात झाकून ठेवते. निघताना दारातून हाक मार, मी स्वयंपाकघरात असले तरी मला ऐकू येतं.

तुझी,
आई