आतड्यात इतके जिवाणू असूनही प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून का पडत नाही? ब्यूटिरेटच्या (आतड्यातले जिवाणू बनवतात त्या लहान मेदाम्लाच्या) गोळ्या घ्याव्यात का?

ती गप्प बसते असं तुम्ही धरून चाललात. खरं तर ती दिवसभर कामात असते, फक्त आरडाओरडा करत नाही.

2016 सालच्या मोजदादीनुसार माणसाच्या शरीरात सुमारे 38 लाख कोटी जिवाणू असतात, त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. त्यांच्या आणि आपल्या उतींच्या मध्ये पेशींचा एकच थर, तोही चार-पाच दिवसांत नवा होणारा.

माझं काम उतींच्या स्लाइड्स करण्याचं. उंदराच्या मोठ्या आतड्याचा तुकडा नेहमीच्या फॉर्मॅलिनमध्ये ठेवला की जिवाणू थेट भिंतीला खेटलेले दिसतात. तोच तुकडा कार्नॉयच्या द्रावणात ठेवा, ज्यात पाणी नसतं, म्हणजे मध्ये साधारण 50 मायक्रोमीटरचा रिकामा दिसणारा पट्टा उमटतो. पट्टा रिकामा नसतो, तिथे घट्ट श्लेष्मा असतो. फॉर्मॅलिनमध्ये तो आकसून जातो, म्हणून बरीच वर्षं लोकांच्या नजरेतून निसटला. पहिली तडजोड ही अशी: अंतर ठेवून राहा. शिवाय शरीर रोज काही ग्रॅम आयजीए प्रतिपिंडं आतड्यात सोडतं. ती जिवाणूंना लपेटतात, त्यांना भिंतीजवळ येऊ देत नाहीत.

आता ब्यूटिरेट. याच्या आम्लाची बाटली उघडली की खवट लोण्याचा वास अख्ख्या खोलीत पसरतो, नावही लोण्यावरूनच पडलंय. आपल्याला न पचणारे तंतू जिवाणू आंबवतात, त्यातून हे निघतं. मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशी आपली साधारण 70 टक्के ऊर्जा यातूनच मिळवतात. मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं: ब्यूटिरेट जाळताना पेशी ऑक्सिजन वापरून टाकतात, त्यामुळे पोकळीत तो झिरपत नाही. ऑक्सिजन न सोसणारे, म्हणजे ब्यूटिरेट बनवणारेच जिवाणू तिथे टिकतात. अँटिबायोटिकने ते मेले की ऑक्सिजन वाढतो आणि साल्मोनेलासारख्या रोगजंतूंचं फावतं.

प्रतिकारपेशीही हाच रेणू वाचतात. 2013 साली जपानच्या रिकेन संस्थेसह तीन गटांनी उंदरांवर दाखवलं की अशा लहान मेदाम्लांनी मोठ्या आतड्यात दाह आवरणाऱ्या टी-रेग पेशी वाढतात. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून जिवाणू इंडोल नावाचे जे रेणू बनवतात त्यांचं काम वेगळं, त्यांच्यामुळे आयएल-22 हा प्रतिकारपेशींचा निरोप्या रेणू सुटतो आणि अस्तराची डागडुजी होते.

तंतू मिळालेच नाहीत तर? काही जिवाणू चक्क श्लेष्माच खायला लागतात. 2016 मध्ये उंदरांत हे दिसलं: थर पातळ झाला आणि आतड्याचा संसर्ग बळावला.

गोळीबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. साधं ब्यूटिरेट गिळलं तर बरंचसं वरच शोषलं जातं, मोठ्या आतड्यापर्यंत फार थोडं पोचतं. तंतू खाल्ले तर तेच ब्यूटिरेट नेमकं लागतं तिथे तयार होतं. मात्र एकदम वाढवू नका, आठवडाभर पोट फुगेल आणि तुम्ही मला शिव्या घालाल. क्रोन किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस यांसारखा आतड्याच्या सुजेचा आजार असेल तर माझं ऐकून काहीच करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. सुजलेल्या आतड्याला काही तंतू सोसत नाहीत.