कोंबडी खुडूक बसली आहे, अंडी देत नाही. काय करावं?

तिला खुराड्यातून काढून तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात ३-४ दिवस ठेवा, बहुतेक कोंबड्यांची खुडूक (म्हणजे अंडी उबवायला बसून राहण्याची ओढ) त्यातच मोडते. पिंजरा विटांवर उचलून सावलीत ठेवायचा, म्हणजे पोटाला खालून वारा लागतो. आत पेंढा, पोतं काहीही नको. दाणापाणी मात्र सतत समोर हवं, कारण खुडूक कोंबडी आधीच खाणं तोडून वाळलेली असते. प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकामुळे ती बसते, आणि अंधारी, उबदार जागा व पोटाखाली अंड्यांचा स्पर्श मिळत राहिला की ते उतरत नाही. म्हणून इतर कोंबड्यांची अंडीही रोजच्या रोज उचला. सोडल्यावर ती पुन्हा त्याच कोपऱ्यात पिसं फुलवून बसली आणि हात नेताच चोच मारू लागली, तर आणखी दोन दिवस पिंजरा. अंडी सुरू व्हायला त्यानंतर एक-दोन आठवडे जातात. पाण्यात बुडवणं, नाकात पीस खुपसणं हे प्रकार कृपा करून करू नका. त्या जिवाचे फार हाल होतात आणि गारठ्यात ती दगावूही शकते.

मात्र कोंबडा असेल आणि पिल्लं हवी असतील, तर खुडूक मोडूच नका. अंधार पडल्यावर १०-१२ ताजी अंडी तिच्याखाली सरकवा, साधारण २१ दिवसांनी पिल्लं बाहेर येतील. गावरान कोंबडी हे काम कुठल्याही यंत्रापेक्षा मायेने करते.