न्यूयॉर्कचा सबवे एवढा जुना असून चोवीस तास कसा चालतो? आणि त्यातली जुनी यंत्रणा अजून बदलली का नाही?

थोडक्यात उत्तर असं: त्याच्या मुख्य मार्गांवर बऱ्याच ठिकाणी चार ट्रॅक आहेत म्हणून तो चोवीस तास चालू शकतो, आणि चोवीस तास चालतो म्हणूनच तो बदलणं इतकं अवघड आहे. मी पेशाने विद्युत अभियंता. अकरा वर्षं त्यातूनच कामावर ये-जा केली. फलाटावर उभं राहिलो की माझी नजर आपोआप रुळांच्या कडेला जायची, त्यामुळे या विषयावर लिहायला बसलं की आवरत नाही. जरा सविस्तरच लिहितो.

मार्च 1888 मध्ये न्यूयॉर्कवर मोठं हिमवादळ आलं. तेव्हा शहरातली रेल्वे रस्त्यात खांब उभारून वर बांधलेल्या लोखंडी पुलांवरून धावायची, तीही वाफेच्या इंजिनांवर. गाड्या वरच अडकल्या आणि शहर ठप्प झालं. जमिनीखालून गाडी नेण्याची कल्पना त्याआधीची. 1870 मध्ये आल्फ्रेड बीच यांनी ब्रॉडवेखाली शंभरेक मीटरचा बोगदा खणून त्यात हवेच्या दाबावर ढकलला जाणारा डबा लोकांना चालवून दाखवला होता. पण 1888 च्या वादळाने हा विषय हौसेचा राहिला नाही, गरजेचा झाला. तरी कंत्राट व्हायला 1900 साल उजाडलं. पैसा उभा केला ऑगस्ट बेलमाँट यांनी, मुख्य अभियंता होते विल्यम बार्कली पार्सन्स.

पार्सन्सना मी फार मानतो. कारण त्यांच्या आराखड्यात मुख्य मार्गावर, सिटी हॉलजवळच्या ब्रुकलिन ब्रिज स्टेशनपासून 96व्या रस्त्यापर्यंत, सुरुवातीपासूनच चार ट्रॅक होते: दोन प्रत्येक स्टेशनवर थांबणाऱ्या गाड्यांसाठी, दोन जलद गाड्यांसाठी. मुंबईच्या लोकलने फिरलेल्याला हे वेगळं समजावायला नको. पण लंडनने किंवा पॅरिसने आपल्या भुयारी मार्गांवर सरसकट असं केलं नव्हतं. याचा खरा फायदा रात्री कळतो. एक ट्रॅक दुरुस्तीला घेतला तर गाड्या शेजारच्या ट्रॅकवर वळवता येतात. शुक्रवारी संध्याकाळी स्टेशनच्या खांबांवर कागद चिकटवलेले दिसायचे: शनिवार-रविवार अमुक गाडी जलद मार्गाने जाईल, तमुक स्टेशनला थांबणार नाही. लोक वैतागायचे. मला मात्र तो कागद वाचला की रात्री तिथे माणसं खाली उतरून काम करणार आहेत एवढंच दिसायचं. कोविडच्या काळात, मे 2020 ते मे 2021, रात्रीची सेवा ठरवून बंद ठेवली होती. असं इतका काळ याआधी कधीच झालं नव्हतं.

27 ऑक्टोबर 1904 ला पहिली गाडी निघाली. महापौर मॅक्लेलन यांनी मानाने गाडी सुरू करून द्यायची आणि मग मोटरमनच्या हाती सोपवायची असं ठरलं होतं. त्यांनी हँडल सोडलंच नाही, थेट 103व्या रस्त्यापर्यंत स्वतः गाडी नेली. मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्या दिवशी शहराला काय वाटलं असेल ते त्यात येतं.

बहुतेक बोगदा खोल खणलेला नाही. रस्ता उकरायचा, खड्ड्यात पोलादी चौकट उभी करायची, वर छत घालून रस्ता पुन्हा पसरायचा. म्हणून बऱ्याच ठिकाणी एक जिना उतरला की फलाट येतो. फुटपाथवरच्या जाळ्यांतून गाडीची घरघर ऐकू येते, गाडीने पुढे ढकललेली गरम हवा त्यातूनच वर येते. आणि पाणीही त्यातूनच आत जातं. पाऊस नसलेल्या दिवशीसुद्धा पंपांना सुमारे पाच कोटी लिटर पाणी उपसावं लागतं. पंप थांबले तर काय होईल याचा विचार करून बघा.

आता यंत्रणा थकली कशी, ते. माझ्या मते याचं मूळ पाच सेंटच्या नाण्यात आहे. कंत्राटातच भाडं पाच सेंट ठरलं होतं. पहिल्या महायुद्धानंतर सगळं महागलं, पण भाडं वाढवण्याचं नाव काढणारा पुढारी निवडून येणं कठीण. हे भाडं 1948 पर्यंत, म्हणजे जवळपास 44 वर्षं तसंच राहिलं. चालवणाऱ्या खासगी कंपन्या खंगल्या, पहिली मोठी कंपनी 1932 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि 1940 मध्ये शहराने सगळं विकत घेऊन एकत्र केलं. एकीकडे 1946 मध्ये वर्षाला दोनशे कोटींहून जास्त प्रवास होत होते, दुसरीकडे देखभालीला पैसा नव्हता. 1948 मध्ये भाडं दहा सेंट झालं. 1953 मध्ये पंधरा करायची वेळ आली, तेव्हा पंधरा सेंटचं नाणंच नसल्याने फाटकांसाठी पितळी टोकन काढावं लागलं. ते थेट 2003 पर्यंत चाललं. सत्तरच्या दशकातले रंगाने बरबटलेले डबे आणि वारंवार घसरणाऱ्या गाड्या यांची सगळे चर्चा करतात, पण न केलेल्या देखभालीचं ते ओझं आधीपासून साठत आलं होतं.

मध्येच एक गोष्ट, कारण नवख्याला ती बुचकळ्यात टाकते. काही गाड्यांना आकडे आहेत, काहींना अक्षरं. आकड्यांच्या गाड्या त्या 1904 च्या कंपनीच्या वारशातल्या. त्यांचे डबे अरुंद, पावणेनऊ फुटांच्या आसपास. अक्षरांच्या गाड्या नंतरच्या दोन व्यवस्थांमधल्या, दहा फूट रुंद. रुंद गाडी अरुंद बोगद्यात मावतच नाही. त्यामुळे आजही एका संस्थेच्या छताखाली दोन वेगळ्या रेल्वे नांदतात. दुरुस्तीच्या गाड्या मात्र अरुंद मापाच्या ठेवतात, म्हणजे त्या कुठेही जाऊ शकतात.

सिग्नलकडे येतो. हा माझा जिव्हाळ्याचा भाग. मार्गाचे तुकडे पाडलेले असतात आणि प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही रुळांतून बारीकसा वीजप्रवाह सोडलेला असतो. गाडी त्या तुकड्यावर आली की चाकं आणि आस यांमधून प्रवाह एका रुळातून दुसऱ्यात जातो, रिलेपर्यंत, म्हणजे प्रवाह असेपर्यंत उचललेल्या राहणाऱ्या विजेच्या खटक्यापर्यंत, पोचत नाही, रिले पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. यातली सुंदर गोष्ट अशी, की रूळ तुटला किंवा तार निघाली तरी प्रवाह खंडित होऊन सिग्नल लालच होतो. बिघाड झालाच तर तो सुरक्षिततेच्या बाजूने. शिवाय प्रत्येक सिग्नलपाशी रुळाशेजारी एक लोखंडी हात असतो. सिग्नल लाल असताना तो उभा राहतो आणि मोटरमनने चुकून गाडी पुढे नेलीच, तर डब्याखालच्या खटक्यावर आपटून आपत्कालीन ब्रेक लावतो. फलाटाच्या टोकाला उभं राहिलं तर गाडी गेल्यावर तो हात खटकन वर येताना दिसतो. शंभर वर्षं जुनी ही युक्ती बघण्यासाठी मी मुद्दाम पहिल्या डब्याजवळ थांबायचो.

पण हीच यंत्रणा एकदा कमी पडली. 5 जून 1995 ला विल्यम्सबर्ग पुलावर एक गाडी लाल सिग्नल ओलांडून पुढच्या उभ्या गाडीवर आदळली आणि मोटरमनचा जीव गेला. रुळाशेजारच्या त्या लोखंडी हाताने ब्रेक लावला होता. पण सिग्नलांमधलं अंतर 1918 मधल्या गाड्यांच्या हिशेबाने आखलेलं होतं, आणि आताच्या गाडीला त्या अंतरात थांबता आलं नाही. त्यानंतर गाड्यांचा वेग उचलण्याचा जोर कमी केला गेला आणि वेळ मोजणारे सिग्नल वाढले. गाडी ठरलेल्या वेगाहून हळू आली तरच ते हिरवे होतात. निर्णय योग्यच होता, जिवापुढे मिनिटांचं काय. मात्र 2018 मध्ये तपासणी झाली तेव्हा यातले बरेच सिग्नल पाटीवर लिहिलेल्या वेगाच्याही आधीच ब्रेक लावतात असं आढळलं. मोटरमनना हे अनुभवाने ठाऊक होतं, म्हणून ते आणखी हळू चालवायचे. वर्षानुवर्षं लोकांना वाटत होतं की गाडी जुनी आहे म्हणून रेंगाळते.

मग सगळं नवं का बसवत नाहीत? बसवतायत. गाडी आणि नियंत्रणकक्ष रेडिओवरून सतत बोलतात अशी व्यवस्था आधी एल मार्गावर आली, मग 2018 मध्ये सात नंबरच्या मार्गावर पूर्ण झाली. त्यात गाड्या एकमेकींच्या जास्त जवळून धावू शकतात. पण एकूण 472 स्टेशनं आहेत आणि मार्ग एकमेकांत गुंतलेले आहेत. नवी यंत्रणा बसवताना जुनी चालूच ठेवावी लागते. कामाला मिळतात रात्रीचे चार-पाच तास आणि काही शनिवार-रविवार. त्यातही शेजारून गाडी जाणार असली की कामगार हत्यारं उचलून बाजूला होतात.

एक माणूस मात्र यंत्रणेइतकाच महत्त्वाचा वाटतो, तो गाडीच्या मध्यावर बसणारा गार्ड. फलाटाच्या मध्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची एक फळी टांगलेली असते. गाडी नीट थांबली तर त्याची खिडकी बरोबर त्या फळीसमोर येते. तो हात बाहेर काढून फळीकडे बोट दाखवतो आणि मगच दारं उघडतो. म्हणजे शेवटचा डबा बोगद्यात राहिलेला नाही याची खात्री. 1996 पासून हा नियम आहे. अकरा वर्षांत मला ते बोट चुकलेलं दिसलं नाही.

2012 च्या ऑक्टोबरात सँडी वादळात खाडीचं पाणी बोगद्यांत घुसलं. खारं पाणी रिलेंना आणि केबलींना आतून खातं, त्यामुळे पाणी काढलं तरी काम संपत नाही. मॅनहॅटन आणि ब्रुकलिन यांना जोडणारा नदीखालचा माँटेग्यू बोगदा त्यासाठी 13 महिने बंद ठेवावा लागला. मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाचं साउथ फेरी हे 2009 मध्ये उघडलेलं नवं स्टेशन पार बुडालं. तेव्हा शेजारचं 1905 चं, बंद करून ठेवलेलं स्टेशन साफसूफ करून एप्रिल 2013 मध्ये पुन्हा सुरू केलं. त्याच्या वळणदार फलाटावर पाचच डबे मावायचे. आणि तेच चार वर्षं वापरात राहिलं.

कधी गेलात तर सहा नंबरच्या गाडीत बसा आणि ब्रुकलिन ब्रिज या शेवटच्या थांब्यावर उतरू नका. गाडी परत फिरण्यासाठी एका वळणातून जाते, चाकं कर्कश किंचाळतात, आणि खिडकीतून 1904 चं सिटी हॉल स्टेशन दिसतं. फलाट आखूड आणि वाकडा म्हणून ते 31 डिसेंबर 1945 ला बंद झालं. दिवसाच जा. छतातल्या काचांमधून उजेड येतो तेव्हाच त्या फरशांच्या कमानी नीट दिसतात.