एका घासाचे टाको

प्रश्न : पार्टीसाठी छोटे टाको केले, पण पाहुणे येईपर्यंत टॉर्टियाच्या (मेक्सिकन पातळ पोळीच्या) वाट्या मऊ पडल्या. काय चुकलं?

उत्तर : घाई! मीही एकदा ३० वाट्या तासभर आधी भरून ठेवल्या होत्या. शेवटी सगळ्यांना चमचे वाटावे लागले. टॉर्टियाच्या ७-८ सेंटिमीटरच्या चकत्या कापा, किंचित गरम करून मिनी मफिनच्या साच्यात दाबा, तेलाचा हात फिरवा आणि ओव्हनमध्ये १९० अंश सेल्सिअसवर ८-१० मिनिटं भाजा. कडा तांबूस झाल्या की लगेच जाळीवर काढा, नाहीतर तळाशी वाफ धरते. खरा शत्रू टोमॅटोचं पाणी. बिया काढून बारीक चिरा, मीठ लावून १० मिनिटं चाळणीत निथळू द्या. राजम्याचं सारण कोरडंच हवं, त्याखाली किसलेलं चीज. अवोकाडो मात्र लिंबू पिळून, अगदी वाढताना.