आतड्याचे अस्तर 'सुजते', 'झिजते' की आणखी काही?

प्रश्न असा: कुत्र्यांच्या लहान आतड्याचा भाग कापून टाकण्याच्या किंवा वेगळा काढून ठेवण्याच्या प्रयोगांबद्दल मराठीत लिहिताना 'उरलेल्या आतड्याचे अस्तर सुजते आणि बाजूला काढलेल्या तुकड्याचे झिजते' असे म्हटले तर चालेल का?

दोन्ही क्रियापदे बदला, असे मी आग्रहाने सांगेन.

सूज म्हटली की लाली, ठणका, पाणी साचणे हे आलेच. लहान आतड्याचा मोठा भाग कापल्यावर उरलेल्या भागात यातले काही अपेक्षित नसते. अस्तरावर मखमलीच्या लवेसारखे रसांकुर असतात. ते उंच होतात, बुडाशी असलेले खळगे खोल होतात, कारण तिथे पेशी जास्त संख्येने निपजू लागतात. हा हायपरप्लेसिया, म्हणजे 'पेशीवृद्धी'. 'अतिपुष्टी' हायपरट्रॉफीसाठी राखून ठेवावा. व्यायामाने दंड भरतो तेव्हा आहेत तेच स्नायुतंतू जाड होतात, ती अतिपुष्टी.

'झिजते' तर अगदीच उलटे. जोड्याचा तळ झिजतो, जिन्याची पायरी झिजते. झिजायला घासणारे काहीतरी लागते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ थिरीने १८६४ मध्ये कुत्र्याच्या आतड्याचा तुकडा रक्तपुरवठा शाबूत ठेवून वेगळा केला आणि त्याचे एक टोक पोटाच्या कातडीवर उघडले. अशा तुकड्यातून अन्न जात नाही, घासणारे काही उरत नाही, आणि नेमके म्हणूनच त्यातले रसांकुर खुजे होत जातात. मग 'अपुष्टी' (ॲट्रॉफी) म्हणावे? तोही शब्द फसवतो, कारण त्यातून पोषणच कमी पडले असे वाटते. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आतडे कापलेल्या काही कुत्र्यांना तोंडाने अन्न दिले, काहींना फक्त शिरेतून. पोषण दोघांनाही मिळाले, पण अस्तराची वाढ झाली ती तोंडाने खाणाऱ्यांतच. त्यामुळे मला आपले साधे 'रोडावते' सर्वांत खरे वाटते. त्यात कारणाबद्दल काही चुकीचे सांगितले जात नाही.

'अस्तर' मात्र जरूर ठेवा. फारसीतून आलेला हा शिंप्याचा शब्द इथे छान रुळतो. फरक इतकाच की हे अस्तर काही दिवसांत नव्याने विणले जाते. 'श्लेष्मकला' (म्यूकस मेम्ब्रेन) वापरणार असाल तर एक लक्षात घ्या: सुश्रुतसंहितेत श्लेष्मधरा कला, म्हणजे त्या नावाचा पडदा, आतड्यात नाही, सांध्यांत आहे. पक्वाशयाकडे निघालेल्या अन्नाला धरून ठेवते ती पित्तधरा.

तर वाक्य असे करता येईल: 'उरलेल्या आतड्याच्या अस्तरात पेशीवृद्धी होते आणि बाजूला काढलेल्या तुकड्याचे अस्तर रोडावते.'