ट्रायो सोनाटा : त्रिकूट की तिपेडी?

प्रश्न असा आला आहे : कार्यक्रमपत्रिकेत 'ट्रायो सोनाटा' (ट्रायो म्हणजे तिघं, सोनाटा म्हणजे पाश्चात्त्य संगीतातली वाद्यांसाठीची रचना) छापलंय आणि मंचावर मात्र चौघं बसलेत. दोन व्हायोलिन, एक चेलो (व्हायोलिनचं खालच्या सुरांचं मोठं भावंड), एक हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य). मग हा ट्रायो कसला, आणि मराठीत त्याला 'त्रिकूट' म्हणावं का?

पत्रिका बरोबर आहे. इथे माणसं मोजलेलीच नाहीत, मोजल्यात त्या स्वरांच्या ओळी. इटालियन संगीतकार विवाल्दीच्या पहिल्या, अशाच सोनाट्यांच्या संग्रहाची 1705 सालची व्हेनिसची छापील प्रत घ्या. तिच्या मुखपृष्ठावर 'आ त्रे', म्हणजे 'तीन ओळींत', असं आहे. दोन ओळी व्हायोलिनच्या, तिसरी खालच्या सुरांची. ती तिसरी चेलोवाला आहे तशी वाजवतो. हार्पसिकॉर्डवालाही डाव्या हाताने तीच वाजवतो आणि उजव्याने वरचे सूर भरत जातो. काय भरायचं ते लिहिलेलं नसतं, सुरापाशी फक्त आकडे असतात. आपल्या सरगमेत सांगायचं तर 'ग'पाशी 6 असला की ग, म, प, ध, नी, सां असं मोजून सहावा सां घ्यायचा; मधला प न सांगता धरायचा. झाला ग-प-सां. पुढची नक्षी ज्याची त्याची. या साऱ्या कारभाराचं नाव बासो कंटिन्युओ. त्याला 'अखंड खर्ज' म्हणायचा मोह होतो, पण मग डोळ्यांसमोर तंबोरा येतो, आणि ही ओळ तर सारखी चालती असते. कंटिन्युओच राहू द्या.

उलट जर्मन संगीतकार बाखने 1730च्या सुमारास ऑर्गनसाठी सहा ट्रायो सोनाटे एकत्र केले, त्यांत वाजवणारा एकटाच! उजवा हात, डावा हात, पाय (या ऑर्गनला पायांनी वाजवायच्या पट्ट्याही असतात) : तीन ओळी पुऱ्या.

म्हणून 'त्रिकूट' मला पटत नाही. 'कूट' म्हणजे मुळात शिखर, पण आज 'त्या त्रिकुटाने वर्ग डोक्यावर घेतला' असंच आपण बोलतो. तीन डोकी आलीच. 'त्रयी' ग्रंथांना शोभते. 'तिगलबंदी'त तीन कलावंतांची चढाओढ ऐकू येते.

माझं मत 'तिपेडी'ला. तिपेडी वेणीत पेड तीन, मग घालणारे हात कितीही असोत. आणि दोन व्हायोलिन खरोखरच पेडांसारखी वागतात : खालचं वर जातं, वरचं खाली येतं, एकाचा सूर लांबलेला असताना दुसरं त्याला खेटून जातं. तिसरा पेड तेवढा तळाशीच राहतो, इथे उपमा जरा सैल पडते हे कबूल.

जाता जाता : इटालियनमध्ये सोनाटा स्त्रीलिंगी, पण मराठीत आकारान्त म्हणून 'तो' झालाय. तेव्हा एक तिपेडी सोनाटा, बारा तिपेडी सोनाटे, आणि 'सोनाटामध्ये' नको, 'सोनाट्यात'.