डोळे मिटले की नुसता अंधार

प्रश्न : मी सोलापूरचा, टॉवेल-चादरीच्या धंद्यात आहे. परवा जेवताना बायको म्हणाली की डोळे मिटले की तिला गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंद्या, सगळं दिसतं. मला वाटायचं 'डोळ्यांसमोर उभं राहतं' ही नुसती बोलायची पद्धत. आमच्या कारखान्यातल्या डिझाईनवाल्या पोराला तर ग्राफवर काढायच्या आधीच मोर चादरीवर दिसतो म्हणे. मला काळं सोडून काही दिसत नाही, कधीच दिसलं नाही. आईला जाऊन सहा वर्षं झाली, तिचाही चेहरा नाही. मी तिला विसरलो का?

उत्तर : नाही हो दादा, अजिबात नाही. आईचा फोटो शंभरात लगेच ओळखाल ना, आणि ती भाकरी मोडताना काय पुटपुटायची तेही सांगाल, मग विसरलात कुठं? फक्त चित्र येत नाही. याला अफँटेशिया म्हणतात, हे नाव ॲडम झेमन या इंग्लंडमधल्या मेंदूच्या डॉक्टरांनी 2015 मध्ये दिलं, आजार नाही हा. आणि तुमच्यासारखं वाटणारे जुनेच आहेत, 1880 मध्ये गाल्टन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने लोकांना विचारलं होतं की सकाळचं नाश्त्याचं टेबल आठवा, काय दिसतं, तर बऱ्याच शास्त्रज्ञांनाच वाटलं की हा मनात दिसण्याचा प्रकार म्हणजे नुसती अलंकारिक भाषा! माझंही काही खास नाही, जुन्या टीव्हीवर मुंग्या आल्यासारखं अंधुक दिसतं, तेही क्षणभर.

बायको थापा मारतेय असंही नाही बरं का. लख्ख उजेडाची नुसती कल्पना केली तरी चित्र दिसणाऱ्यांच्या डोळ्यांची बाहुली बारीक होते, तुमच्यासारख्यांची तशी होत नाही, 2022 मध्ये हे मोजून बघितलंय. आणखी एक गंमत, खोलीचा फोटो दाखवून नंतर आठवून काढायला लावलं तर अफँटेशियावाल्यांनी वस्तू कमी काढल्या, रंगही कमी, पण कुठली वस्तू कुठं ते बरोबर, आणि नसलेल्या वस्तू घुसडल्या त्याही कमीच. म्हणजे गोडाऊनमध्ये कुठला गठ्ठा कुठं हे तुम्हाला बिनचूक माहीत असेल तर नवल नाही. पिक्सारचे एड कॅटमल, ॲनिमेशनवाले, त्यांनाही मनात चित्र दिसत नाही, तेव्हा धंद्याची काळजी सोडा.

फक्त एक, आधी दिसायचं आणि अचानक बंद झालं असं कुणाचं असेल तर डॉक्टरांना दाखवायचं, झेमनांचा पहिला पेशंट तसाच होता, हृदयावरच्या उपचारानंतर त्याची चित्रं गेली. तुमचं जन्मापासूनचं दिसतंय.